वाचकांचे प्रश्न : ग्रीन क्लब आहे, बॅनर आहे, पुढे काय?

मागच्या अंकात कॉलेज कॅम्पस आणि पर्यावरण या विषयावर प्रश्न पाठवा असं म्हटलं होतं, तर एवढे आले की सगळे छापणं शक्यच नाही. सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं गाळलीत, कारण बऱ्याच जणांनी आपापल्या प्राचार्यांबद्दल जे काही लिहिलंय ते नावासकट छापलं तर पंचाईत त्यांचीच व्हायची.

प्रश्न : ताई, मी दुसऱ्या वर्षाला आहे आणि यंदा आमच्या ग्रीन क्लबची सेक्रेटरी झालेय. दरवर्षी ठरलेलं असतं, वृक्षारोपण, पोस्टर स्पर्धा, सायकल रॅली, एक शपथ, फोटो काढले की संपलं. या वर्षी तर गेल्या वर्षीच्याच खड्ड्यांमध्ये परत झाडं लावली, कारण आधीची वाळून गेली होती. माझ्या हातात एकच वर्ष आहे. खरंच काही फरक पडेल असं काय करता येईल? — एक विद्यार्थिनी

उत्तर : त्याच खड्ड्यात परत झाड, हे वाचून आधी हसू आलं आणि मग वाटलं की हे निदान कोणीतरी लिहून तरी पाठवलं, नाहीतर अहवालात दोन्ही वर्षांची झाडं धरून बेरीज होते. तर आधी तेवढं कर, यंदा नवीन झाड एकही लावू नकोस, जी जिवंत आहेत ती मोज आणि त्यांना उन्हाळ्यात पाणी कोण घालणार ते नावानिशी ठरव. झाडांचा विषय माझ्यापुरता इथेच संपला.

आता खरं काम. कॉलेजच्या अकाउंट्समध्ये जाऊन गेल्या बारा महिन्यांची लाइटबिलं माग. बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा कोणी देत नाही, तुम्हाला कशाला हवीत असं विचारतात, तर एखाद्या सरांना किंवा मॅडमना सोबत घेऊन जा आणि सरळ सांग की प्रोजेक्टसाठी हवीत. बिलात रक्कम बघायची नाही, युनिट बघायचे. सुट्टीच्या महिन्यात, जेव्हा वर्ग रिकामे असतात, तेव्हा किती युनिट गेले ते बघ. ते जर नेहमीच्या महिन्याच्या अर्ध्याहून जास्त असतील (आणि हॉस्टेल त्या मीटरवर नसेल) तर समज की वीज माणसांसाठी जळतच नाहीये, ती नुसती जळतेय.

मग कॉलेजच्या इलेक्ट्रिशियनला गाठ. कॅम्पसवर सगळ्यात जास्त माहिती त्याच माणसाकडे असते आणि कुठल्याही पर्यावरण कमिटीच्या मीटिंगला त्याला कधी बोलावलेलं नसतं. त्याला घेऊन किंवा वॉचमनला सांगून एका रात्री ११ वाजता आणि पहाटे ५ वाजता मेन मीटरचं रीडिंग घे, फोटो काढून ठेव. मोठ्या कनेक्शनच्या मीटरवरचा आकडा बहुतेक वेळा जसाच्या तसा धरायचा नसतो, बिलावर मल्टिप्लाइंग फॅक्टर किंवा एमएफ म्हणून एक आकडा असतो, त्याने गुणायचं, नाहीतर सगळा हिशोबच चुकतो. समज गुणून झाल्यावर सहा तासात १२० युनिट गेलेले दिसले, म्हणजे तासाला २० युनिट, आणि हे कोणीही कॅम्पसवर नसताना. मग बॅटरी घेऊन फिरायचं आणि काय चालू आहे ते शोधायचं. सहसा काय सापडतं तर रिकाम्या मजल्यावरचे वॉटर कूलर, टॉयलेटचे एक्झॉस्ट, कॉम्प्युटर लॅबमधले झोपी न गेलेले मॉनिटर, १६ डिग्रीवर ठेवलेला सर्व्हर रूमचा एसी, आणि टाकी भरून वाहत असताना चालूच असलेला पंप. यातल्या निम्म्या गोष्टी एका टायमरने सुटतात, कोणाची परवानगी लागली तरी ती कोणी नाकारत नाही, कारण बिल कमी होणार असतं.

दुसरं म्हणजे पंखे. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट खातो, नवीन बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. २०० पंखे रोज ८ तास चालत असतील तर दिवसाला ७२ युनिटचा फरक पडतो. हे सगळे पंखे एकदम बदला असं कोणी ऐकणार नाही, पण जो पंखा जळेल त्याच्या जागी बीएलडीसीच घ्यायचा एवढं खरेदीच्या नियमात लिहून घेतलंस तर तू पास होऊन गेल्यावरही ते चालू राहतं. मला विचारशील तर हीच खरी कसोटी आहे, तू कॉलेज सोडल्यावर जे चालू राहील ते काम.

मुलांना सामील करायचं असेल तर अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजने २००५ मध्ये काय केलं ते बघण्यासारखं आहे. हॉस्टेलमध्ये दोन आठवड्यांची वीज वाचवायची स्पर्धा लावली आणि कोण किती वापरतंय ते मुलांना दिसत राहील अशी सोय केली. एकूण वीजवापर ३२ टक्के उतरला, आणि ज्या दोन हॉस्टेलमध्ये आकडे त्या त्या क्षणी दिसायचे तिथे तर ५५ टक्के. पाणी मात्र फक्त ३ टक्के कमी झालं. आता दोन आठवडे कोणीही अंधारात बसेल, स्पर्धा संपल्यावर काय हा प्रश्न उरतोच, म्हणून मी म्हणते स्पर्धा एकदा घे पण आकडा कायम लावून ठेव, नोटीस बोर्डवर, दर सोमवारी, हाताने लिहिलेला चालेल. महागडा स्क्रीन नकोय.

आणि क्लबचा ईमेल स्वतःच्या नावाने काढू नकोस. क्लबच्या नावाने काढ, पासवर्ड सरांकडे ठेव, बिलांचे फोटो, मीटरचं रीडिंग, इलेक्ट्रिशियनचा नंबर सगळं त्यात. पुढची सेक्रेटरी शून्यापासून सुरू करते म्हणूनच तर परत शपथ आणि रॅली होते.

प्रश्न : मी कॉलेजात भूगोल शिकवतो. मॅनेजमेंटने मला कॉलेजचा कार्बन फूटप्रिंट (कॉलेजमुळे वर्षभरात किती कार्बन हवेत जातो त्याचा हिशोब) काढायला सांगितलंय आणि त्याच पत्रात पाच वर्षांत नेट झिरो (म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा भरून काढू) असंही लिहून टाकलंय. एका एजन्सीने ऑडिटचं कोटेशन दिलंय ते बघून सगळे गप्प झालेत. हे आपलं आपल्याला जमेल का? — एक प्राध्यापक

उत्तर : जमेल सर, पहिल्या वर्षी तर घरच्या घरीच करा असं मी म्हणेन, कारण एजन्सी आली तरी आकडे तुमच्याकडूनच मागणार आणि तुम्ही ते परत इलेक्ट्रिशियनकडूनच आणणार.

जगभर यासाठी ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉलची पद्धत वापरतात, तीन खाती असतात. पहिल्या खात्यात जे तुम्ही स्वतः कॅम्पसवर जाळता ते, म्हणजे जनरेटरचं डिझेल, मेसचा गॅस, कॉलेजच्या बस. दुसऱ्यात विकत घेतलेली वीज. तिसऱ्यात बाकी सगळं, मुलांचं येणंजाणं, विमानप्रवास, खरेदी, कचरा. एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, एक किलो एलपीजीला साधारण ३ किलो. विजेचा आकडा देशादेशात वेगळा असतो, कोळशावरची ग्रीड असेल तर जास्त, जलविद्युत असेल तर कमी, तो तुमच्या देशाच्या वीज खात्याने जाहीर केलेला ताजा घ्या, कुठल्यातरी वेबसाइटच्या कॅल्क्युलेटरमधला नको.

एक गोष्ट सगळेच विसरतात ती म्हणजे एसीचा गॅस. एसी सर्व्हिसिंगचं रजिस्टर मागवा आणि कुठल्या एसीत दरवर्षी गॅस भरावा लागतोय ते बघा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो, भरावा लागतोय म्हणजे तो गळतोय. आणि हा गळलेला गॅस फार वाईट, आर-२२ या जुन्या एसीतल्या गॅसचा एक किलो हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशोबाने साधारण १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका, आर-४१०ए त्याहून जास्त, २००० च्या वर. त्यामानाने आर-३२ बराच कमी, पावणेसातशेच्या आसपास. म्हणजे एखाद्या जुन्या एसीची गळती बंद करणं हे कागद वाचवा मोहिमेच्या कितीतरी पट मोठं काम आहे, पण त्याचं पोस्टर होत नाही.

येण्याजाण्यासाठी एक साधा फॉर्म काढा, अंतर किती, वाहन कुठलं, आठवड्यातून किती दिवस. हजेरीच्या वेळी वर्गातच भरून घ्या, लिंक पाठवली तर दहा टक्केही भरत नाहीत.

आता नेट झिरोबद्दल. अमेरिकेत मेन राज्यातल्या कॉलेज ऑफ द अटलांटिकने २००७ मध्येच आपण कार्बन न्यूट्रल (जवळपास नेट झिरोच) झालो असं जाहीर केलं होतं, पण छोटं कॉलेज असूनही त्यासाठी ऑफसेट विकत घ्यावे लागले, म्हणजे उरलेल्या धुराच्या बदल्यात दुसरीकडे कुठेतरी होणाऱ्या कपातीचे पैसे भरले. व्हरमाँटमधल्या मिडलबरी कॉलेजने २००९ मध्ये लाकडाच्या चिपांवर चालणारा बॉयलर बसवला आणि २०१६ ला न्यूट्रल झाल्याचं सांगितलं, त्यांच्याही हिशोबात त्यांच्या मालकीच्या जंगलाने शोषलेला कार्बन धरलेला होता. मी याला फसवणूक म्हणत नाही, त्यांनी ते उघड सांगितलंय. पण तुमच्या मॅनेजमेंटला एवढंच विचारा की पाच वर्षांनी उरलेलं कसं भरून काढणार, आणि उत्तर नसेल तर पत्रात नेट झिरोच्या ऐवजी "दरवर्षी युनिट अमुक टक्क्यांनी कमी" एवढं लिहा, ते तपासता येतं.

प्रश्न : आमच्या कॅम्पसवर पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांवर बंदी आली, मोठा कार्यक्रम झाला, पण कचरा तेवढाच दिसतो. असं कसं? — तृतीय वर्ष, वाणिज्य

उत्तर : तुमच्याकडेच नाही हो. व्हरमाँट युनिव्हर्सिटीने २०१३ मध्ये पाण्याच्या बाटल्या विकणं बंद केलं आणि मग दोन संशोधकांनी कॅम्पसवर येणाऱ्या मालाचा हिशोब तपासला, तर बाटल्या कमी झाल्याच नव्हत्या, माणशी बघितलं तर उलट वाढल्या होत्या, आणि वर साखरेची पेयं जास्त खपायला लागली होती. तहान लागली, पाण्याची बाटली नाही, मग शेजारची रंगीत बाटली उचलली, एवढं सोपं आहे ते. बंदीच्या आधी पाणी भरायच्या जागा हव्यात, प्रत्येक मजल्यावर, चालू असलेल्या, स्वच्छ, आणि फिल्टर कधी बदलला ती तारीख लिहिलेल्या. मुलांचा नळावर विश्वास बसला नाही तर बंदी कितीही कडक करा.

कपांचं म्हणाल तर ब्रिटनमध्ये कार्डिफ युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी बघितलं की स्वतःचा कप आणणाऱ्याला सवलत दिली तर काहीच फरक पडत नाही, पण तेवढेच पैसे डिस्पोजेबल कपावर वेगळे लावले की लोक कप घेऊन यायला लागतात. माणसाला मिळणाऱ्यापेक्षा जाणारं जास्त टोचतं. कँटीनवाल्यांना हे सांगून बघा, त्यांचं नुकसान काहीच नाही.

प्रश्न : मी हॉस्टेल मेस कमिटीत आहे. आम्ही हौसेने कंपोस्टचा खड्डा केला, आता त्याचा इतका वास येतो की वॉर्डन सर म्हणतात रविवारपर्यंत बुजवा. प्लीज लवकर सांगा! — मेस सेक्रेटरी

उत्तर : रविवार तर उलटून गेला असणार, पण बाकीच्यांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर सांगते. (आणि बुजवला असशील तर आता जमिनीवर कर, खड्ड्यात पाणी साचतं आणि हवा खेळत नाही.)

वास येतो म्हणजे आत हवा नाहीये आणि ओलं जास्त झालंय, शंभरातल्या नव्वद वेळा हेच कारण. मेसमधून येतं ते सगळं ओलं, नायट्रोजनवालं, आणि त्याला जोडीला कार्बन लागतो म्हणजे वाळका पाला, लाकडाचा भुसा, फाडलेला पुठ्ठा. पुस्तकात कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण साधारण २५ ते ३० ला १ असं दिलेलं असतं, ते मोजत बसू नकोस, एक बादली ओलं टाकलं की निदान दोन बादल्या वाळका पाला वर टाकायचा, ओलं कधीही उघडं ठेवायचं नाही. कॅम्पसवर पाला झाडून जाळत असतील तर ते आधी थांबव, तोच तर तुला हवाय, पोत्यात भरून कोरड्या जागी ठेव म्हणजे पावसाळ्यातही पुरेल. मूठभर कंपोस्ट हातात घेऊन दाबायचं, पिळलेल्या फडक्यासारखं लागलं पाहिजे, दमट पण पाणी गळत नाही असं. पाणी गळलं तर पाला वाढव आणि फावड्याने उलटंपालटं कर. आठवड्यातून दोनदा उलटलंस तरी चार-पाच दिवसात वास जातो. ढीग नीट चालू असला की आत हात घालवत नाही इतका गरम होतो, ५५ ते ६५ डिग्रीपर्यंत जातो, ते चांगलं लक्षण. ढीग निदान कमरेएवढा उंच हवा, छोटा असला तर तापत नाही. तेलकट आणि मांसाहारी उरलंसुरलं सुरुवातीला यात नकोच, उंदीर आणि कुत्री आली की वॉर्डन सरांचा मुद्दा खरा ठरतो.

पण मला तुझ्या ढिगापेक्षा त्यात येणाऱ्या मालाची जास्त काळजी आहे. उष्टं कमी झालं तर कंपोस्ट कमी लागेल ना. आठवडाभर उष्टं एका पारदर्शक ड्रममध्ये टाकायचं, वजन करायचं आणि ते हात धुवायच्या जागेवर लिहायचं, कोणाला टोकायचं नाही, व्याख्यान द्यायचं नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच कॉलेजांनी जेवणाच्या हॉलमधले ट्रेच काढून टाकले, कारण ट्रे असला की माणूस एकदम सगळं भरून घेतो, आणि माणशी वाया जाणारं अन्न साधारण पाव हिश्शाने कमी झालं. वाढपी असतील तर पहिलं वाढप कमी, नंतर हवं तितकं, असं करून बघ. वाया गेलेल्या अन्नामागे शेत, पाणी, गाडी, गॅस सगळं गेलेलं असतं आणि ते तसंच कचरा डेपोत सडलं तर मिथेन होतो, जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो आणि पहिल्या वीस वर्षांत तर ८० पट.

जाता जाता, केंब्रिजच्या कॉलेज कँटीनमध्ये एक छान प्रयोग झाला होता, २०१९ ला छापून आला. चार पदार्थांपैकी एक शाकाहारी असायचा त्याऐवजी दोन ठेवले, कोणाला काही सांगितलं नाही, तर शाकाहारी ताटांचा खप ४१ ते ७९ टक्क्यांनी वाढला आणि एकूण विक्रीत फरक पडला नाही. मेनू कोण ठरवतं त्याच्या हातात किती असतं बघ, आणि तू तर मेस कमिटीतच आहेस.

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंग सोडून "डायव्हेस्टमेंट"च्या आंदोलनात बसलेला असतो. हे नक्की काय प्रकरण आहे आणि यातून कधी कोणाचं काही झालंय का? — एक काळजीत असलेले बाबा

उत्तर : इंजिनिअरिंग खरंच सोडलंय की तुम्हाला तसं वाटतंय, हे आधी त्यालाच शांतपणे विचारा. प्रकरण असं आहे, मोठ्या युनिव्हर्सिटींकडे देणग्यांचा प्रचंड निधी असतो आणि तो शेअर्समध्ये गुंतवलेला असतो, मुलांचं म्हणणं की वर्गात हवामानबदल शिकवायचा आणि पैसा कोळसा-तेलाच्या कंपन्यांत ठेवायचा हे चालणार नाही, तो काढा. २०१२ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यातल्या युनिटी कॉलेजने सुरुवात केली. हार्वर्ड बरीच वर्षं नाही म्हणत होतं, २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये हार्वर्ड-येल फुटबॉल मॅचच्या मध्यंतरात मुलं मैदानातच बसली, आणि २०२१ च्या सप्टेंबरमध्ये हार्वर्डने सांगितलं की आता नवीन थेट गुंतवणूक करणार नाही आणि उरलेलीही संपवत आणू. म्हणजे होतं, पण वेळ लागतो. तेलकंपनीचं त्याने लगेच दिवाळं निघतं असं नाही, शेअर दुसरा कोणीतरी घेतो, जे होतं ते प्रतिष्ठेचं नुकसान. तुमच्या मुलाच्या कॉलेजकडे असा निधीच नसेल तर मात्र त्याला सांगा की गच्ची कोणाची आणि तिथे सोलर का नाही हा प्रश्न जास्त जवळचा आहे, आणि तो सोडवायला इंजिनिअर लागतो.

प्रश्न : सोलर बसवला की बाकी काही करायची गरज नाही असं आमचे ट्रस्टी म्हणतात. — एक क्लार्क

उत्तर : आधी गळती, मग सोलर, नाहीतर वाया जाणाऱ्या विजेसाठी पॅनेल घेतल्यासारखं होतं. बाकी कॉलेजला सोलर शोभतो, वापर दिवसाच असतो. एक किलोवॉटला साधारण १० चौरस मीटर सावली नसलेली गच्ची धरा आणि चांगलं ऊन असेल तिथे दिवसाला ४ युनिटच्या आसपास. करार करताना दोनच गोष्टी नीट लिहून घ्या, सुट्टीत जास्तीची वीज कुठे जाणार आणि पॅनेल कोण धुणार. दुसरी गोष्ट नेहमी राहते.

प्रश्न : आमचे सर परदेशी युनिव्हर्सिटींचे व्हिडिओ दाखवतात, तळ्याच्या पाण्याने एसी वगैरे. ते आम्हाला काय उपयोगाचं? — अनेकांकडून

उत्तर : तळं नसेल तर नाहीच. अमेरिकेतलं कॉर्नेल विद्यापीठ २००० सालापासून शेजारच्या खोल सरोवरातलं गार पाणी वापरून कॅम्पस थंड करतं, त्यांना सरोवर मिळालं, आपल्याला नाही. पण स्टॅनफोर्डचं उदाहरण मला आवडतं, त्यांच्या लक्षात आलं की एकीकडे इमारती गार करताना निघालेली उष्णता आपण हवेत सोडतोय आणि त्याच वेळी दुसरीकडे गॅस जाळून पाणी तापवतोय. २०१५ पासून तीच उष्णता पकडून गरम पाण्याला वापरतात. तुमच्या पातळीवर बघायचं तर आरओ फिल्टरचं फेकलं जाणारं पाणी टॉयलेटच्या फ्लशला किंवा फरशी पुसायला, एसीतून ठिबकणारं पाणी लॅबच्या बॅटऱ्यांना नको पण झाडांना चालतं.

प्रश्न : मी पीएचडी करतेय. लॅबमध्ये उणे ८० डिग्रीचा फ्रीझर, फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर खेचणारं काचेचं कपाट), सगळं चोवीस तास चालू. बोललं की "सायन्समध्ये तडजोड नाही" असं उत्तर येतं. — संशोधक विद्यार्थिनी

उत्तर : तडजोड कोणी मागतच नाहीये. जुना उणे ८० चा फ्रीझर दिवसाला २० युनिटपर्यंत खातो. तो उणे ७० वर ठेवला तर वीज साधारण ३० टक्के वाचते, आणि बरेच नमुने तिथे व्यवस्थित टिकतात, पूर्वी तर उणे ७० च चालायचं. तुझ्या गाइडना एकदम सगळं मागू नकोस, एकाच फ्रीझरपासून सुरुवात कर आणि त्यात काय आहे त्याची यादी दारावर लाव, कारण निम्मे डबे पास होऊन गेलेल्यांचे असतात आणि ते कोणी टाकत नाही. बर्फ खरवडायचा, मागची जाळी झाडायची.

फ्यूम हूडचं मात्र लॅबवर अवलंबून आहे. एसी लॅबमध्ये तो गार केलेली हवा बाहेर फेकत बसतो, अमेरिकेतल्या एका हिशोबात एक हूड साडेतीन घरांइतकी ऊर्जा खातो असं निघालं होतं, म्हणून काम नसेल तेव्हा काच खाली ओढायची, तसंही सेफ्टीचा नियम तोच आहे. यात एक बघ, हवेचा प्रवाह आपोआप कमी होणारा हूड असेल तरच काच ओढून वीज वाचते, जुन्या हूडमध्ये पंखा तेवढाच फिरत राहतो. तुमचा कुठला आहे ते मेंटेनन्सवाल्यांना विचार, आणि एसी नसलेली लॅब असेल तर हूड सोड, फ्रीझरकडे बघ.